प्येर बॉनार : आठवणीतून रंगवणारा चित्रकार

गेरू (धागालेखक)

विसाव्या शतकातील फ्रेंच चित्रकलेविषयी मराठीत जे काही लिहिले जाते त्यातील बहुतेक जागा पिकासो आणि मातीस यांच्याकडे जाते, आणि प्येर बॉनारच्या वाट्याला ‘दृक्‌प्रत्ययवादाचा (इंप्रेशनिझमचा, म्हणजे समोरचा बदलता प्रकाश टिपणाऱ्या शैलीचा) उशिरा जन्मलेला वारसदार’ एवढाच उल्लेख येतो. हा उल्लेख मला पटत नाही, म्हणून हा धागा. बॉनारची चित्रे प्रथमदर्शनी सुखवस्तू घरातील उन्हाची चित्रे वाटतात : न्याहारीचे टेबल, फळांची परडी, उघडी खिडकी, मांजर, न्हाणीघरातील स्त्री. परंतु त्या शैलीचा अग्रणी मोने ज्या अर्थाने समोरच्या प्रकाशाचा पाठलाग करीत होता, त्या अर्थाने बॉनारने प्रौढ वयात समोर पाहून तैलचित्र क्वचितच रंगवले. ‘रेखाटन म्हणजे संवेदना, रंग म्हणजे तर्क’ असे त्याचे एक टिपण आहे. ज्याला सारे जग रंगांचा चित्रकार म्हणते त्याच्याकडून आपण नेमके याच्या उलट विधान अपेक्षिले असते.

त्याचा जन्म ३ ऑक्टोबर १८६७ रोजी पॅरिसजवळच्या फोंतने-ओ-रोझ या गावी झाला. वडील युद्धमंत्रालयात वरच्या पदावर होते आणि मुलाने पोटापाण्याचे काहीतरी भक्कम शिकावे अशी त्यांची इच्छा होती, त्यामुळे बॉनारने कायद्याचा अभ्यास करून १८८८ साली पदवी मिळवली. मात्र त्याच काळात तो अकादमी ज्युलियाँ या खासगी कलाशाळेतही जात होता. तेथे त्याला पॉल सेर्युझिए आणि मॉरिस दनी भेटले आणि पुढे एद्वार व्ह्युयार हा आयुष्यभराचा मित्र मिळाला. १८८८ च्या ऑक्टोबरात सेर्युझिए ब्रिटनी प्रांतातील पाँताव्हेनहून परतला, तेव्हा त्याच्याजवळ लाकडाच्या एका लहान फळीवर चित्रकार गोगँच्या सांगण्यावरून रंगवलेले एक छोटे निसर्गचित्र होते. झाड पिवळे दिसत असेल तर तुमच्याजवळ असेल तो उत्तमातील उत्तम पिवळा लावा, असा गोगँचा उपदेश होता. या फळीभोवती जमलेल्या तरुणांनी स्वतःला ‘नाबी’, म्हणजे प्रेषित, म्हणवून घेतले. बॉनार या मंडळींत सर्वांत कमी तात्त्विक आणि सर्वांत अधिक थट्टेखोर होता.

१८९० साली पॅरिसच्या एकोल दे बोझार्त या शासकीय कलाशाळेत जपानी लाकूडठशांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. त्याचा बॉनारवर इतका परिणाम झाला की मित्र त्याला ‘अतिजपानी नाबी’ म्हणू लागले. छायाप्रकाशाने गोलाई न दाखवता केवळ रंगाच्या सपाट पट्ट्यांनी सारे काही सांगता येते, हा धडा त्याने तेथे घेतला. एका शँपेन कंपनीच्या भित्तिपत्रकाच्या स्पर्धेत तो १८८९ मध्ये विजयी झाला, त्याला १०० फ्रँक मिळाले आणि ही बातमी ऐकून वडील बागेत नाचले. १८९१ साली ते भित्तिपत्रक पॅरिसच्या भिंतींवर लागले. ते पाहून चित्रकार तूलूझ-लोत्रेक भित्तिपत्रकांकडे वळला, असे सांगितले जाते.

१८९३ साली त्याची एका तरुणीशी ओळख झाली. तिने आपले नाव मार्त द मेलिन्यी आणि वय सोळा असे सांगितले. प्रत्यक्षात ती मारिया बूर्सें नावाची, चोवीस वर्षांची, फुलांच्या दुकानासाठी कृत्रिम फुले करणारी मुलगी होती. दोघे पुढील एकोणपन्नास वर्षे एकत्र राहिले. विवाह मात्र १९२५ साली झाला आणि तिचे खरे नाव बॉनारला कळले ते या विवाहाच्या कागदपत्रांच्या वेळी, असे सांगितले जाते.

१९०९ च्या उन्हाळ्यात चित्रकार मांगँ याच्या निमंत्रणावरून तो सँ-त्रोपे येथे गेला आणि दक्षिणेच्या उजेडाने त्याचे भान हरपले. समुद्र, पिवळ्या भिंती आणि प्रकाशाइतकेच रंगीत असलेले परावर्तन यांविषयी त्याने आईला उत्साहाने पत्र लिहिले. १९१२ साली त्याने सेन नदीकाठी व्हेर्नोने येथे ‘मा रूलोत’ नावाचे छोटे घर विकत घेतले. मोनेचे जिव्हेर्नी तेथून काही किलोमीटरांवर, त्यामुळे दोघांचे जाणे-येणे असे. १९२६ साली कान शहराच्या वरच्या अंगाला, ल कॅने या टेकडीवरच्या गावात त्याने ‘ल बॉस्के’ हे घर घेतले, त्यात वीज आणि गरम पाण्याचे न्हाणीघर करून घेतले, आणि २३ जानेवारी १९४७ रोजी तो त्याच घरात वारला. त्याची कीर्ती ज्या चित्रांवर उभी आहे त्यांतील बरीचशी या घराच्या दोन-तीन खोल्यांतून निघाली आहेत.

आता मुख्य मुद्दा. बॉनार खिशात मावणारी दैनंदिनी बाळगत असे. रोज फिरून येताना किंवा घरातच काही दिसले की पेन्सिलीच्या तुकड्याने तो दोन-चार इंचांचे रेखाटन करी आणि शेजारी त्या दिवसाच्या हवेची एका शब्दात नोंद करी : स्वच्छ, ढगाळ, पावसाळी. ७ फेब्रुवारी १९२७ च्या नोंदीत थंड पण निरभ्र दिवशी करड्या रंगांत दिसलेला जांभळा आणि केशरी सावल्यांत दिसलेला हिंगुळी (भडक तांबडा) यांची टीप आहे. या रेखाटनांत ठिपके, रेघोट्या, गिरगटलेल्या खुणा यांची त्याने स्वतःपुरती एक लिपी तयार केली होती. प्रत्यक्ष चित्र तो या टिपणांवरून आणि आठवणीवरून, घरात बसून, महिनोन्‌महिने आणि कधी कधी वर्षानुवर्षे रंगवीत असे. वस्तू समोर असली की तिचा तपशील आपल्याला ओढून नेतो आणि मूळ कल्पना निसटते, अशी त्याची भीती होती. म्हणजे रंगाचा निर्णय होताना वस्तू समोर नसे, समोर असत ते केवळ आधी लावलेले इतर रंग.

१९१३ चे ‘खेड्यातील भोजनगृह’ हे चित्र पाहा. आज ते अमेरिकेतील मिनियापोलिसच्या संग्रहालयात आहे. व्हेर्नोनेच्या घरातील ही खोली लालसर केशरी आहे, उघड्या दाराचा फलक निळसर जांभळा आहे, बाहेर हिरवी-पिवळी बाग आहे आणि खिडकीच्या कठड्यावर टेकून लाल कपड्यांतील मार्त आत पाहते आहे. खुर्च्यांवर मांजरे आहेत. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाला पांढरे म्हणायचे ते केवळ सवयीने, कारण त्यात निळा, फिकट जांभळा आणि हिरवट अशा छटा आहेत. आतली खोली बाहेरच्या बागेपेक्षा अधिक तापलेली वाटते. उन्हाळ्याच्या दुपारी घरात आल्यावर डोळ्यांपुढे जे तरळत राहते तेच येथे भिंतीचा रंग झाले आहे, असा माझा समज आहे. बाहेरचा प्रकाश जसाच्या तसा टिपणारा चित्रकार आतल्या भिंतीला असा रंग देणार नाही.

जाणकारांनी त्याच्या रंगलेपनाविषयी आणि एकूण योग्यतेविषयी लिहावे, ही विनंती.

हिंगुळ

गेरू, लेख आवडला. मी मुंबईच्या एका कलाशाळेत रंगचित्रण शिकवतो, त्यामुळे कामाच्या बाजूने थोडी भर घालतो.

बॉनार कॅनव्हास चौकटीवर ताणून इझलवर ठेवीत नसे. न ताणलेले कापड तो सरळ भिंतीवर ठोकी, आणि एकाच भिंतीवर तीन-चार चित्रे शेजारी शेजारी चाललेली असत. एका चित्रासाठी कालवलेला पिवळा उरला की तो दुसऱ्या चित्रात जाई. ल कॅनेतील त्याची काम करण्याची खोली अगदी लहान होती, फार मागे सरून चित्र पाहण्याची सोय नव्हती. चित्राची हद्द तो शेवटी ठरवी, आणि मगच कापड कापून चौकटीवर चढवले जाई. त्याच्या चित्रांत माणसे कडेला अर्धवट कापली जातात, टेबल खालच्या कडेतून बाहेर सांडते, याचे श्रेय जपानी चित्रांना दिले जाते आणि ते योग्यच आहे. पण हद्द आधी ठरलेली नसेल तर चित्राला मध्यबिंदू राहत नाही, हा व्यावहारिक भागही विसरू नये.

रंगलेपनात तो जाड थर आणि जवळपास कोरडा, खरवडलेला कुंचला शेजारी शेजारी वापरतो. मात्र विद्यार्थ्यांना मी आवर्जून दाखवतो ते दुसरेच. दोन लगतचे रंग भिन्न जातीचे, एक उष्ण आणि एक शीत, पण उजळपणात जवळपास सारखे, अशी मांडणी तो पुन्हा पुन्हा करतो. आपला डोळा वस्तूची कडा आणि तिची जागा मुख्यतः उजळ-गडद फरकावरून ओळखतो. तो फरकच काढून घेतला की रंग दिसतो पण वस्तू जागेवर स्थिर राहत नाही, थरथरते किंवा उशिरा लक्षात येते. ग्रनोबलच्या संग्रहालयात १९३२ चे ‘पांढरी खोली’ हे चित्र आहे. दार, शेगडीचा कट्टा, खोली गरम ठेवणारी नळ्यांची पेटी (रेडिएटर), खिडकीतून दिसणारा देखावा हे सारे प्रथम दिसते आणि बऱ्याच वेळाने उमगते की टेबलाच्या पुढे, जमिनीच्याच रंगात मिसळून, एक स्त्री मांजराकडे वाकलेली आहे. शंका असेल त्यांनी मोबाइलवर त्या चित्राचे रंग काढून टाकून ते करडे करून पाहावे.

हे योगायोगाने होत नाही. येथे ‘रंग म्हणजे तर्क’ या विधानाचा अर्थ लागतो.

नगरवाचक

चित्रकलेचा मी विद्यार्थी नाही, इतिहासाचा आहे, म्हणून माझी हरकत ऐकून घ्यावी. हा मनुष्य १८६७ ते १९४७ या काळात जगला. त्यात ड्रेफ्यूस प्रकरण (ज्यू लष्करी अधिकाऱ्यावर देशद्रोहाचा खोटा आरोप), दोन महायुद्धे आणि जर्मनांनी केलेला फ्रान्सचा पाडाव एवढे सगळे आले. आणि याच्या चित्रांत काय आहे, तर फळांची परडी. १९४० नंतर देशाचे तुकडे पडलेले असताना न्हाणीघराच्या फरशा रंगवत बसणाऱ्या चित्रकाराला ‘मोठा’ म्हणताना आपण नेमके कशाला मोठे म्हणत आहोत, हे कोणी सांगेल का? पिकासोला तो आवडत नसे असेही वाचले आहे.

गेरू (धागालेखक)

हरकत रास्त आहे आणि ती जुनीही आहे. पिकासोचे मत त्याच्या एकेकाळच्या जोडीदार फ्रान्स्वाझ जिलो यांनी आपल्या आठवणींत नोंदवले आहे. त्याच्या म्हणण्याचा सारांश असा की बॉनार आभाळ आधी निळे रंगवतो, मग त्याला त्यात जांभळी छटा दिसते म्हणून ती लावतो, मग गुलाबी दिसते म्हणून तीही लावतो, आणि शेवटी हाती उरतो तो अनिश्चयाचा काला. चित्रकाराने निसर्गाकडून सल्ला मागू नये, त्याच्यावर सत्ता गाजवावी, अशी पिकासोची भूमिका होती.

बॉनारच्या मृत्यूनंतर काही महिन्यांतच ‘काये दार’ या नियतकालिकाचे संपादक क्रिस्तियाँ झेर्व्होस यांनी ‘बॉनार हा मोठा चित्रकार आहे काय’ असा प्रश्न करून नकारार्थी उत्तर दिले. सोपे आणि गोड आवडणाऱ्यांनाच तो भावतो, असा त्यांच्या लेखाचा रोख होता. मातीसने आपल्या प्रतीवर, त्या लेखाच्या समासात, जानेवारी १९४८ मध्ये हाताने लिहून ठेवले की होय, बॉनार आजचा मोठा चित्रकार आहे आणि भविष्यातही निश्चित राहील, हे मी प्रमाणित करतो. मातीस नीसमध्ये आणि बॉनार ल कॅनेत, दोघांत १९२५ पासून वीसेक वर्षे पत्रव्यवहार होता. त्याची सुरुवात मातीसच्या ‘चित्रकला चिरायू होवो’ एवढ्याच मजकुराच्या कार्डाने झाली होती.

माझ्या मते पिकासोचे निरीक्षण अचूक आणि निष्कर्ष चुकीचा आहे. बॉनार एकावर एक छटा चढवीत जातो हे खरेच. परंतु आभाळ समोर दिसते म्हणून तो हे करीत नाही. एक रंग बदलला की शेजारचा प्रत्येक रंग वेगळा दिसू लागतो आणि मग सगळा हिशेब पुन्हा मांडावा लागतो. गोबलँच्या विणकामशाळेत रंगाई विभाग सांभाळणाऱ्या शेव्ह्रल या रसायनतज्ज्ञाने १८३९ साली हाच नियम मांडला होता. काळ्या सुताविषयी तक्रारी आल्या तेव्हा त्याला आढळले की दोष सुताच्या रंगात नाही, शेजारच्या सुतात आहे. ठिपक्यांनी रंगवणारा चित्रकार सरा हा या नियमाचे शास्त्र करायला निघाला आणि त्याचे ठिपके एकाच मापाचे झाले. बॉनारने शास्त्र केले नाही, तो प्रत्येक चित्रात ते प्रकरण नव्याने लढत राहिला. त्यामुळेच त्याला चित्र पूर्ण झाले असे कधी वाटत नसे. पॅरिसच्या लक्झेंबर्ग संग्रहालयात लागलेल्या आपल्याच चित्रात दुरुस्ती करण्यासाठी तो खिशात रंग घेऊन गेला आणि व्ह्युयारने पहारेकऱ्याला बोलण्यात गुंतवले, ही कथा तुम्ही ऐकली असेल.

युद्धाविषयी बोलायचे तर तो ल कॅनेतून हलला नाही. त्या वर्षांत न्हाणीघराच्या आरशासमोर केलेली त्याची आत्मचित्रे पाहावीत. टक्कल पडलेला, खांदे उतरलेला, डोळ्यांच्या जागी केवळ खाचा दिसणारा म्हातारा आणि मागे तोच त्याचा तेजस्वी पिवळा. गोडवा शोधणाऱ्याने तेथे जाऊ नये. १९३१ चे ‘मुष्टियोद्धा’ हे आत्मचित्रही असेच आहे : हडकुळा माणूस मुठी वळून उभा आहे आणि त्या मुठी कोणालाच लागणार नाहीत हे त्यालाही ठाऊक आहे.

केतकी

धागा चांगला चालला आहे, पण मार्तविषयी दोन ओळींत आटोपते घेतलेले मला खटकले. सुमारे चारशे चित्रांत ती आहे, आणि तरीही तिच्याविषयी आपल्याकडे बॉनारच्या मित्रांचे शेरे तेवढे पोहोचले : संशयी, माणूसघाणी, सतत आजारी, दिवसदिवस टबात पडून राहणारी. तिला श्वसनाचा विकार होता आणि पाण्याचे उपचार हे त्या काळी वैद्यकीय उपचार मानले जात, याचा उल्लेख क्वचित होतो. ती स्वतः चित्रे काढीत असे आणि १९२४ साली मार्त सोलांज या नावाने तिने पॅरिसच्या द्रुए दालनात प्रदर्शनही केले होते, याचा तर त्याहून क्वचित.

आणि रने मोंशाती? बॉनारचे या सोनेरी केसांच्या तरुण स्त्रीशी काही वर्षे संबंध होते, १९२१ मध्ये तो तिच्यासह रोमला गेला होता. १९२५ च्या ऑगस्टमध्ये त्याने मार्तशी विवाह केला आणि त्यानंतर काही आठवड्यांतच रनेने आत्महत्या केली. ‘बागेतील तरुणी’ हे चित्र त्याने १९२१ ते १९२३ दरम्यान सुरू केले, बाजूला ठेवले आणि मार्तच्या मृत्यूनंतर, १९४५-४६ मध्ये, पुन्हा हाती घेतले. रने मध्यभागी, हसरी, जळजळीत पिवळ्या उजेडात आहे आणि मार्त उजवीकडच्या खालच्या कोपऱ्यात, कडेला अर्धी कापलेली. चित्राची हद्द शेवटी ठरे असे हिंगुळ यांनी वर लिहिले आहे. मग मार्तला कुठे कापायचे हेही त्यानेच ठरवले असणार. रंगाच्या तर्काइतकाच हाही तर्क आहे, आणि तो मला सुखावह वाटत नाही.

पश्चिमवारा

केतकी यांच्याशी बऱ्याच अंशी सहमत आहे, मात्र एक चित्र पाहिल्यावर माझे मत इतके सरळ राहिले नाही. मी पिट्सबर्गमध्ये राहते आणि येथील कार्नेगी संग्रहालयात ‘टबातील विवस्त्रा आणि छोटा कुत्रा’ हे मोठे चित्र आहे. बॉनारने ते १९४१ मध्ये सुरू केले. मार्त २६ जानेवारी १९४२ रोजी वारली, त्या वेळी ती बहात्तर वर्षांची होती. चित्र १९४६ पर्यंत चालू राहिले. टबातील देह मात्र तरुणीचाच आहे, कारण बॉनारने तिला कधी म्हातारी होऊच दिले नाही.

छापील चित्रात हे सर्व केवळ झगमगीत वाटते. प्रत्यक्षात समोर उभे राहिल्यावर प्रथम भिंतीच्या फरशा दिसतात : सोनेरी, जांभळ्या, निळ्या-हिरव्या, आणि त्यांचे चौकोन सरळ न राहता जणू आतून फुगलेले. टब खोलीत मावत नाही अशा कोनात पसरलेला आहे. पायपुसण्यावर कुत्रा शांत बसला आहे आणि साऱ्या चित्रात निश्चित आकार असा काय तो त्याचाच. टबातला देह पाण्यात आणि फरशांच्या रंगात इतका मिसळला आहे की कुठे त्वचा संपते आणि कुठे पाणी लागते हे ठरवता येत नाही. जी व्यक्ती घरात आता नाही तिला रंगवायचे आणि तिची कडा मात्र आखायची नाही, हे केवळ स्वामित्व गाजवणाऱ्या पुरुषाचे काम आहे असे मला म्हणवत नाही. अर्थात तिला काय वाटत असे, हा केतकी यांचा प्रश्न त्याने मिटत नाही.

जलरंगी

नवशिक्याचा प्रश्न आहे. बॉनार आणि मातीस दोघेही दक्षिण फ्रान्सचे, दोघेही रंगांचे, दोघांच्या चित्रांत खिडक्या. मग नेमका फरक कसा ओळखावा? आणि छापील पुस्तकांतील व पडद्यावरील रंगांवर किती विश्वास ठेवावा?

हिंगुळ

जलरंगी, खिडकीवरूनच फरक सांगता येईल. मातीस रंगाचे मोठे, सलग क्षेत्र करतो आणि त्याच्या आकारात रंगाचा जोर ठेवतो. दुरून एका नजरेत त्याचे चित्र हाती लागते. बॉनार तेच क्षेत्र लहान लहान फटकाऱ्यांत फोडतो, आणि त्यामुळे चित्र एका नजरेत कधीच हाती लागत नाही. लंडनच्या टेट संग्रहालयातील, सुमारे १९१९ चे ‘दुधाचा वाडगा’ घ्या. खिडकीबाहेर समुद्राचा लखलखाट आहे, आत मुलीचा चेहरा सावलीत बुडालेला आहे आणि खाली अंधारात, तिच्या हातातील दुधाकडे पाहत, मांजर आहे. डोळा आधी खिडकीकडे, मग टेबलाकडे, मग मुलीकडे आणि सर्वांत शेवटी मांजराकडे जातो. खोलीत शिरल्यावर डोळा सरावेपर्यंत आपल्याला जसे टप्प्याटप्प्याने दिसते, तो क्रम त्याने चित्रात बांधला आहे. अचानक खोलीत शिरल्याचा तो पहिला क्षण पकडायचा, हेच त्याचे ध्येय होते असे समीक्षक म्हणतात, आणि हे चित्र पाहता ते मला पटते.

छपाईविषयी सावध राहावे. हिंगुळी आणि जांभळा हे शेजारी असले की छपाईत त्यांपैकी एक हमखास चढतो, आणि उजळपणाचा जो समतोल मी वर सांगितला तो तेवढ्यानेच बिघडतो. संग्रहालयांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरील प्रतिमा त्यातल्या त्यात बऱ्या. एकाच चित्राच्या तीन-चार प्रतिमा उघडून शेजारी ठेवाव्यात, म्हणजे कशावर विश्वास ठेवू नये हे तरी कळते.

वहीतलं पान

आठवणीतून रंगवण्याविषयी चर्चा आहे म्हणून आपल्याकडचा एक धागा जोडते. ब्रिटिश चित्रकार हॉवर्ड हॉजकिन १९६४ पासून भारतात वारंवार येत असे आणि अखेरच्या वर्षांत मुंबईत राहून चित्रे काढीत असे. त्याची तुलना समीक्षक नेहमी बॉनार आणि व्ह्युयार यांच्याशी करीत. तोही एखाद्या भेटीचा, खोलीचा, संध्याकाळचा प्रसंग वर्षानुवर्षे आठवून रंगवी, फक्त त्याच्याकडे खोली आणि माणसे ओळखू येण्यापलीकडे गेलेली असत. तो भारतीय लघुचित्रांचा मोठा संग्राहकही होता. बॉनारच्या चित्रांत टेबल उभे होऊन आपल्याकडे झुकते आणि खोल अंतर सपाट होते, ते लघुचित्रे पाहण्याची सवय असलेल्या डोळ्यांना मुळीच विचित्र वाटत नाही. युरोपीय समीक्षक त्यावर एवढी शाई खर्च करतात याची मला गंमत वाटते.

नगरवाचक

पश्चिमवारा यांच्या प्रतिसादाने माझी हरकत थोडी नरम झाली आहे, पूर्ण गेलेली नाही. आरशासमोरची आत्मचित्रे पाहिली. त्यांत युद्ध नाही हे खरे, पण सुख नाही हेही खरे. चित्रकाराने काळाची नोंद विषयातूनच करावी असा आग्रह मी सोडतो. मात्र ‘तो काळाच्या पलीकडे होता’ अशी स्तुती कोणी करू नये, एवढे माझे म्हणणे कायम आहे. व्ह्युयारसह त्याने १९१२ साली सरकारी सन्मान नाकारला होता, म्हणजे जगाशी त्याचा संबंधच नव्हता असे नव्हे.

पाटाचे पाणी

मी वकील आहे, त्यामुळे या चित्रकाराशी माझी ओळख चित्रांतून नव्हे, खटल्यातून झाली. कायद्याची पदवी घेतलेल्या बॉनारने मार्तच्या मृत्यूनंतर जे केले ते वर कोणी लिहिले नाही. विवाहाच्या वेळी मालमत्तेचा वेगळा करार केलेला नसल्याने फ्रेंच कायद्यानुसार दोघांची मिळकत सामाईक होती, आणि मार्तच्या वाट्याच्या अर्ध्या भागावर तिच्या वारसांचा हक्क पोहोचत होता. घरातील साऱ्या चित्रांची यादी होऊन त्यांची वाटणी होईल, या धास्तीने बॉनारने मार्तच्या नावाने, तिच्या सहीसकट, एक मृत्युपत्र स्वतःच लिहिले आणि सारे काही स्वतःला मिळेल अशी तजवीज केली. मार्तने आपल्याला कोणी नातेवाईक नाहीत असे आयुष्यभर सांगितले होते. बॉनारच्या मृत्यूनंतर मृत्युपत्र बनावट असल्याचे उघड झाले आणि मार्तच्या भाच्या पुढे आल्या.

एका बाजूला या भाच्या, दुसऱ्या बाजूला बॉनारच्या बहिणीची मुले, असा खटला वर्षानुवर्षे चालला. ४ डिसेंबर १९५६ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च न्यायपीठाने ठरवले की विवाहकाळात निर्माण झालेली चित्रे सामाईक मिळकतीत येतात, मात्र आपल्या कृतीत फेरफार करण्याचा किंवा ती नष्ट करण्याचा कलावंताचा नैतिक हक्क त्यामुळे बाधित होत नाही. फ्रेंच प्रताधिकार कायदा शिकणाऱ्याला हा निकाल आजही वाचावा लागतो. जो चित्रकार टांगलेल्या चित्रातही दुरुस्ती करायला जाई, त्याच्याच नावाच्या खटल्यात फेरफाराच्या हक्काची चर्चा व्हावी, हे न्यायालयाच्या लक्षात आले असेल की नाही कोण जाणे. प्रकरण पूर्ण मिटायला १९६० चे दशक उजाडले.

गेरू (धागालेखक)

पाटाचे पाणी, ही माहिती या धाग्यात यायलाच हवी होती, आभार. तिचा संबंध झेर्व्होस यांच्या प्रश्नाशीही आहे. ल कॅनेच्या स्टुडिओत उरलेली चित्रे खटला चालू असेपर्यंत मोहोरबंद होती, आणि म्हणून युद्धोत्तर काळात बॉनारची किंमत ठरवणाऱ्या पिढीसमोर त्याच्या अखेरच्या कामाचा मोठा भाग नव्हताच. लंडन आणि न्यूयॉर्क येथे १९९८ मध्ये झालेले मोठे प्रदर्शन, २०११ मध्ये ल कॅनेत उघडलेले त्याच्या नावाचे संग्रहालय आणि २०१९ चे टेट मॉडर्नमधील प्रदर्शन यांनंतर तो हिशेब बराच बदलला आहे.

केतकी यांच्या आक्षेपावर माझ्याजवळ उत्तर नाही. मार्तने स्वतः काढलेल्या चित्रांविषयी कोणी सविस्तर लिहिणार असेल तर त्यासाठी वेगळा धागा काढावा. ती चित्रे बॉनारच्या चित्रांच्या खाली चर्चेला येऊ नयेत.